मुंबई हायवरच्या प्लॅटफॉर्मची सुरक्षा तपासणी: संमतीच्या अर्जापासून डेकपर्यंतची तयारी

मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे प्लॅटफॉर्म उभे आहेत. तिथे फॅक्टरी इन्स्पेक्टर फिरकत नाही आणि १०१ लावला तरी बंब येणार नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, त्यापुढे २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. मुंबई हाय या दुसऱ्या पट्ट्यात येतं. म्हणजे सगळा कारभार केंद्राचा. पण केंद्र म्हणजे एक खातं नव्हे. ऑपरेटरच्या, म्हणजे क्षेत्र चालवणाऱ्या कंपनीच्या, किंवा कंत्राटदाराच्या एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) विभागात नव्याने आलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो इथेच: नेमकं कोणाला उत्तर द्यायचं?

आधी एक तक्ता करा

फाईलला हात लावण्यापूर्वी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: गोष्ट, तिला विचारणारं खातं, आणि आपल्याकडचा जबाबदार माणूस. माणसाचं नाव नको, पद लिहा, कारण १४ दिवसांच्या पाळीनंतर माणूस बदलतो.

प्लॅटफॉर्म, विहीर, रिग आणि त्यांचं चालणं हे ओआयएसडीकडे, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे. हे १९८६ साली पेट्रोलियम मंत्रालयाखाली उभं राहिलं आणि त्याचं मुख्यालय नोएडात आहे. २००८ च्या नियमांनी समुद्रातल्या कामासाठी सक्षम प्राधिकारी म्हणून त्यालाच नेमलं. जमिनीवरच्या तेलविहिरींसाठी धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. जमिनीवरच्या विहिरींवर काम केलेली माणसं ही दोन नेहमी एकत्र करतात. पुरवठा जहाजं, टग, निवासी बार्ज यांची प्रमाणपत्रं जहाजराणी महासंचालनालयाकडे. हेलिकॉप्टर आणि हेलिडेक डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. तेलगळतीला तोंड देण्याचा राष्ट्रीय आराखडा तटरक्षक दलाच्या हाती. प्लॅटफॉर्मच्या संरक्षणाबाबत नौदलाचा मुंबईतला ऑफशोअर डिफेन्स अॅडव्हायझरी ग्रुप. पर्यावरण मंजुरी पर्यावरण मंत्रालयाची. विहिरीत छिद्रं पाडण्याच्या स्फोटकांसाठी पेसो (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना), लॉगिंगच्या (विहिरीतले थर मोजण्याच्या) किरणोत्सारी स्रोतांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ. डीजीएच, म्हणजे हायड्रोकार्बन महासंचालनालय, क्षेत्रवाटप, करार आणि उत्पादन पाहतं. सुरक्षेची संमती त्याच्याकडे मागायला जाऊ नका.

तक्ता झाला की दोन खात्यांची हद्द जिथे भिडते, त्या ओळींवर लाल खूण करा. जहाज प्लॅटफॉर्मला लागतं ती जागा, बार्ज नांगर टाकतो ती जागा, हेलिकॉप्टर डेकवर टेकतं तो क्षण. प्रत्येक खात्याचा कागद आपापल्या जागी बरोबर असतो आणि अपघात मधल्या शिवणीतून आत येतो. तयारीचा बराचसा वेळ या लाल ओळींवर घालवायचा आहे.

कायदा, थोडक्यात

मूळ कायदा १९४८ चा: तेलक्षेत्र (नियमन व विकास) अधिनियम. त्याखाली २००८ साली समुद्रातल्या कामांच्या सुरक्षेचे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियम आले. पूर्वी या कायद्याखाली शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत रिगवरच्या जेवणाचं एक टेबलही भागणार नाही. २०२५ च्या दुरुस्तीने कैद काढून दंड २५ लाखांपर्यंत नेला, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत. या दुरुस्तीनंतर नियमही हलताहेत, त्यामुळे अर्ज भरताना जुन्या प्रकल्पाची फाईल समोर ठेवू नका. त्या दिवशीचं राजपत्र काढून नियमाची ओळ तपासा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. सुरक्षा पाहणारं ओआयएसडी आणि उत्पादन वाढवायला सांगणारं मंत्रालय एकाच छताखाली आहेत. ब्रिटनमध्ये १९९१ पर्यंत असंच होतं. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मच्या १९८८ च्या स्फोटानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीच्या शिफारशीवरून सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हकडे दिलं गेलं. अमेरिकेत २०१० च्या डीपवॉटर होरायझनच्या स्फोटानंतर परवाने देणारी आणि सुरक्षा तपासणारी कार्यालयं २०११ मध्ये वेगळी झाली. आपल्याकडे ती फारकत झालेली नाही. तेव्हा निरीक्षकाने बोट ठेवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा अर्थ काढण्याची सवय लावून घेऊ नका.

संमतीच्या अर्जात काय जातं आणि कुठे अडतं

नवा प्लॅटफॉर्म असो वा भाड्याने आणलेला रिग, काम सुरू करण्यापूर्वी ओआयएसडीची संमती लागते. कागदांचा गाभा असा: स्थापनेचं वर्णन आणि नकाशे, एचएसई व्यवस्थापन पद्धत, जोखीम मूल्यांकन, आणीबाणीचा आराखडा आणि वर्गीकरण संस्थेची (जहाज-रिगची बांधणी तपासणाऱ्या संस्थेची) किंवा अन्य त्रयस्थ तपासणीची प्रमाणपत्रं. कामाचा क्रम मात्र अर्जातल्या क्रमाने ठेवू नका. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर दुरुस्त्या कमी कराव्या लागतील.

पहिल्यांदा पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचे नकाशे, घेऊन डेकवर चाला. प्रत्येक लाइन, प्रत्येक व्हॉल्व्ह टॅग नंबरासकट जुळवा आणि फरक लाल पेनाने खुणावा. जुन्या प्लॅटफॉर्मवर नकाशात नसलेली एखादी बायपास लाइन हमखास सापडते. ती न टिपता हॅझॉप (धोक्यांचा पद्धतशीर अभ्यास) केलंत तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्लॅटफॉर्मचं हॅझॉप होतं.

मग जोखीम अहवाल. त्यात गृहीत धरलेले आकडे वेगळ्या पानावर काढा: डेकवर किती माणसं, वर्षात किती जहाजफेऱ्या, कोणत्या रायझरमध्ये (समुद्रतळावरून वर चढणाऱ्या पाइपमध्ये) किती दाब, वायू बंद व्हायला किती सेकंद. मग ते प्रत्यक्षाशी ताडा. अहवालात ६० माणसं धरलेली असतात आणि दुरुस्तीसाठीच्या शटडाउनच्या हंगामात तिथे ११० झोपतात. अशा वेळी बोटी, मस्टरची (आणीबाणीत जमण्याची) जागा, पळवाटा, सगळंच गणित कोसळतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शेजारच्या प्लॅटफॉर्मचा अहवाल उचलून नाव बदलणं. वाऱ्याच्या दिशेचा तक्ता आणि क्रेनची बाजू पाहिली की निरीक्षकाला ही उचलेगिरी दोन मिनिटांत कळते.

तिसरं, सेफ्टी क्रिटिकल उपकरणांची यादी. प्रत्येकासमोर चार गोष्टी हव्यात: ते काय करतं, किती वेळात करतं, कशाने तपासतो, नापास झालं तर कोण काय थांबवतो. चौथा रकाना बहुतेक फायलींत रिकामा असतो. तो भरा.

शेवटी ब्रिजिंग डॉक्युमेंट. ऑपरेटरची परमिट (कामाच्या लेखी परवानगीची) पद्धत एक, रिगमालकाची दुसरी, डायव्हिंग कंत्राटदाराची तिसरी. यातली कोणती चालणार ते एका पानावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. चाळीस पानांचं ब्रिजिंग डॉक्युमेंट कोणी वाचत नाही.

५०० मीटर

प्लॅटफॉर्मच्या कडेपासून सगळीकडे ५०० मीटर हे सुरक्षा क्षेत्र. नकाशावर हे नुसतं वर्तुळ आहे. प्रत्यक्षात जहाजवाल्यांची आणि प्लॅटफॉर्मवाल्यांची जबाबदारी इथेच एकमेकांत गुंतते.

२७ जुलै २००५. मुंबईत आदल्या दिवशीच्या पुराचं पाणी अजून ओसरलेलं नव्हतं. ‘समुद्र सुरक्षा’ या मदतनीस जहाजावरच्या स्वयंपाकघरातल्या माणसाची बोटं कापली होती. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, म्हणून त्याला क्रेनच्या टोपलीतून मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन नादुरुस्त होती, त्यामुळे जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आलं. त्याच्या थ्रस्टरमध्ये (जहाज आडवं हलवणाऱ्या पंख्यात) बिघाड होता. लाटेने जहाज उचललं आणि त्याचा हेलिडेक वायूच्या रायझरवर आदळला. वायू पेटला आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. त्या संकुलात आणि जहाजावर मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली. जहाजही काही दिवसांनी, १ ऑगस्टला बुडालं.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर रोजची वाटते: बंद क्रेन, कुरकुरणारा थ्रस्टर, पावसाळी वारा, जखमी माणूस. हे सगळं एकत्र असताना ‘नको’ म्हणायचं काम कोणाचं, हे आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून ५०० मीटरचा आपला नियम असा बांधा:

- जहाज हद्दीबाहेर थांबेल. तिथे सगळे थ्रस्टर, सुकाणू, दोन्ही जनरेटर आणि ब्रिजवरच्या एका कन्सोलवरून दुसऱ्यावर ताबा बदलणं तपासून चेकलिस्ट भरेल. एकही थ्रस्टर संशयास्पद असेल तर आत येणार नाही.
- जहाज थेट प्लॅटफॉर्मवर रोख धरून येणार नाही. बाजूच्या बिंदूकडे येईल आणि मग वळेल.
- वारा किंवा प्रवाह जहाजाला प्लॅटफॉर्मवर ढकलत असेल, तर त्या बाजूला काम नाही. त्यासाठी वेगळी, वरिष्ठ पातळीवरची मंजुरी ठेवू नका. तसा रस्ता ठेवला की तो वापरला जातो.
- आडोशाची क्रेन बंद असेल तर ही गोष्ट क्रेनच्या रजिस्टरमध्ये राहू नये. ती जहाजांच्या दैनंदिन संदेशात पहिल्या ओळीत जावी.
- आत येण्याची परवानगी ओआयएमची, म्हणजे प्लॅटफॉर्मप्रमुखाची, आणि बाहेर निघण्याचा अधिकार कॅप्टनचा. बाहेर निघायला त्याला कोणाला विचारावं लागू नये.

वेगाची मर्यादा का हवी ते हिशेबाने पाहा. ५,००० टनांचं जहाज सेकंदाला २ मीटर वेगाने, म्हणजे जेमतेम भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आडवं सरकतंय. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, शिवाय सोबत ढकललं जाणारं पाणी म्हणून वस्तुमानात ४० टक्के वाढ. उत्तर येतं १४ मेगाज्यूल. उत्तर समुद्रात जॅकेटचे, म्हणजे प्लॅटफॉर्म ज्यावर उभा असतो त्या पोलादी सांगाड्याचे, पाय याच आकड्यावर डिझाइन होत आले. वेग अर्धा मीटरवर आणला की ऊर्जा सोळाव्या हिश्शावर येते. जॅकेटचा पाय काही प्रमाणात वाकून सोसेल. जॅकेटच्या बाहेरून चढणारा उघडा रायझर यातलं काहीच सोसणार नाही. म्हणून तपासणीपूर्वी बोटीतून प्लॅटफॉर्मभोवती एक फेरी मारा आणि माल उतरवण्याच्या बाजूला किती रायझर उघडे आहेत ते मोजा. संरक्षक पिंजरा नसेल तर ती बाजू जहाजांना बंद करा, आणि तो निर्णय अर्जात लिहा.

मासेमारीच्या नौका हा आपल्याकडचा खास प्रश्न. प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासळी जमते, तेव्हा पालघर-रायगडच्या नौका तिथे येणारच. नुसता रेडिओवर इशारा पुरत नाही. जाळं जहाजाच्या प्रोपेलरमध्ये किंवा समुद्रतळाच्या पाइपलाइनमध्ये अडकतं. मच्छीमार सोसायट्यांना प्लॅटफॉर्मच्या जागांचा नकाशा मराठीत, हंगामापूर्वी द्या.

डेकवरच्या चाचण्या

निरीक्षक रजिस्टर पाहतोच, पण चांगला निरीक्षक एखादी चाचणी समोर करून दाखवायला सांगतो. नेहमी विचारल्या जाणाऱ्या चाचण्या अशा.

बीओपी, म्हणजे विहीर उसळली तर तिचं तोंड बंद करणारी यंत्रणा. आधी कमी दाबाची चाचणी, साधारण २५० ते ३५० पीएसआयवर, किमान ५ मिनिटं. मग पूर्ण दाबाची. क्रम उलटवू नका. जास्त दाब रबराच्या सीलला स्वतःच दाबून बसवतो आणि बारीक गळती झाकतो. नंतर कमी दाबावर सील पास होतं आणि खऱ्या किकच्या (विहिरीत वायू-द्रव उसळून येण्याच्या) वेळी गळतं. बंद होण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा: पृष्ठभागावरच्या स्टॅकमध्ये रॅमला (दोन बाजूंनी मिटणाऱ्या जबड्यांना) ३० सेकंद, अॅन्युलरला (पाइपभोवती आवळणाऱ्या रबरी कड्याला) १८ पूर्णांक ३/४ इंचांपेक्षा लहान असेल तर ३०, तेवढ्या किंवा त्याहून मोठ्याला ४५. आकडे ओआयएसडी-१७४ आणि तुमच्या वेल कंट्रोल मॅन्युअलशी जुळलेले असावेत. दोन कागदांवर दोन आकडे दिसले तर तो पहिला शेरा.

विहिरीतला सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे एसएसएसव्ही, दर ६ महिन्यांनी. एपीआयच्या रूढ कसोटीनुसार मिनिटाला ४०० घनसेंटिमीटर द्रव किंवा १५ घनफूट वायू याहून जास्त गळती म्हणजे नापास. इथे होणारी चूक अशी की व्हॉल्व्ह बंद केल्यावर वरचा दाब पुरेसा न उतरवताच ‘दाब वाढला नाही’ असं लिहितात. वर-खाली दाबातला फरकच नसेल तर गळती दिसणार कशी? सुरुवातीचा दाब, उतरवलेला दाब आणि दर ५ मिनिटांचं वाचन, हे तिन्ही रजिस्टरमध्ये हवं.

डिझेल फायर पंप आठवड्यातून एकदा ३० मिनिटं चालवा. पाच मिनिटांत बंद केलेला पंप तापतच नाही आणि कूलिंग लाइनमधले शिंपले कळत नाहीत. अरबी समुद्राच्या पाण्यात शिंपले वेगाने धरतात, डेल्यूजच्या (आगीवर पाणी फवारणाऱ्या यंत्रणेच्या) नोझलांतही. वर्षातून एकदा तरी खरं पाणी सोडून कोणती नोझल कोरडी राहिली ते फोटोत टिपा.

गॅस डिटेक्टरचा अलार्म साधारण २० टक्के एलईएलला (एलईएल म्हणजे वायू पेटू शकेल असं हवेतलं किमान प्रमाण) आणि शटडाउन ६० टक्क्यांना असतो. हायड्रोजन सल्फाइडचा १० पीपीएमला. तपासताना लाल दिवा लागला यावर थांबू नका. त्यापुढे व्हॉल्व्ह हलला का ते बघा. आणि ओव्हरराइडचं, म्हणजे तात्पुरत्या निष्क्रिय केलेल्या सुरक्षा उपकरणांचं, रजिस्टर मागण्यापूर्वीच स्वतः वाचा. तीन महिने ‘तात्पुरता’ बायपास असलेला डिटेक्टर ही सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट आहे.

परमिट

ओआयएसडी-१०५ मध्ये परमिटची पद्धत आहे, फॉर्मही आहेत. बिघडतं ते पाळीबदलात. ६ जुलै १९८८ ला पायपर अल्फावर एका कंडेन्सेट पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि तिथे झाकण लावलं होतं. रात्रपाळीला पंपाच्या दुरुस्तीचं परमिट माहीत होतं, व्हॉल्व्हचं नव्हतं. दुसरा पंप बंद पडला, हा सुरू केला, वायू सुटला. पाण्यात डायव्हर होते म्हणून फायर पंप मॅन्युअलवर ठेवले होते. १६७ माणसं गेली.

यावरून दोन सवयी. एका उपकरणावरची सगळी परमिटं एकाच खिळ्यावर, कागदाच्या क्रमांकाप्रमाणे न लावता टॅग नंबराप्रमाणे लावा. आणि पाळीबदल कंट्रोल रूममध्ये खुर्चीत बसून होऊ देऊ नका. उघड्या परमिटच्या जागी दोघांनी चालत जावं. याला वीस मिनिटं जास्त लागतात आणि लोक कुरकुरतात.

बोटी आणि माणसं

२००५ मध्ये संकुलातल्या आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरू शकल्या. आग एका बाजूला लागली की त्या बाजूच्या बोटी गेल्या असंच धरा. रिगसाठीच्या मोडू कोडचं तत्त्व हेच आहे: एका जागेच्या सगळ्या बोटी गेल्या तरी उरलेल्यांत सगळी माणसं मावली पाहिजेत. हे गणित पीओबीच्या, म्हणजे तिथे हजर असलेल्या एकूण माणसांच्या, कमाल आकड्यावर करा, सरासरीवर नको.

बोटीवर ५० लिहिलंय म्हणून ५० बसत नाहीत. सोलासमध्ये, म्हणजे समुद्रातल्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, माणशी ८२.५ किलो धरतात. लाइफजॅकेट घातलेली ९५ किलोची माणसं असतील तर ५० जणांमागे ६२५ किलो जास्त होतात, तेही हुकांवर आणि वायरवर. एकदा खरी माणसं लाइफजॅकेटसह बसवून पाहा. शेवटच्या पाचांना दार लावता येत नाही असं बऱ्याचदा दिसतं. इंजिन दर आठवड्याला, पाण्यात उतरवणं दर तीन महिन्यांनी, वायर पाच वर्षांनी नवी, राफ्टची सर्व्हिस दर वर्षी.

प्रशिक्षणाच्या कागदांत बोसिएटची, म्हणजे समुद्रातल्या कामासाठीच्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची, मुदत चार वर्षं. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची आयपीएसएचईएम संस्था सागरी बचावाचं प्रशिक्षण देते. ऑडिटमध्ये अडतात ते कायम कर्मचारी नव्हेत. केटरिंगचे, रंगकामाचे, स्कॅफोल्डिंगचे लोक अडतात. मस्टरच्या सूचना त्यांना कळणाऱ्या भाषेत लावल्या आहेत का, तेही बघा.

बार्ज आणि वादळ

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा निवासी बार्ज नांगर तुटून भरकटला, एका प्लॅटफॉर्मला धडकला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती; सत्तरहून अधिक गेली. बार्जला स्वतःचं इंजिन नसतं. टग येईल तेव्हाच तो हलणार.

म्हणून वादळाचा निर्णय मागून मोजत आणा. मुंबई हायपासून बंदर सुमारे ८६ सागरी मैल. ओढून नेताना ४ नॉट मिळाले तर साडेएकवीस तास. आठ नांगर उचलायला चांगल्या हवेत अर्धा दिवस धरा. टग दुसऱ्या कामावर असेल तर यायला आणखी अर्धा दिवस. शिवाय हे सगळं वारा वाढण्याआधी संपायला हवं. म्हणजे वादळ येण्याच्या किमान ७२ तास आधी निघायचं ठरलं पाहिजे, आणि तेव्हा हवामान खात्याच्या पत्रकात बहुतेक वेळा नुसता कमी दाबाचा पट्टा असतो. ‘वादळ घोषित झाल्यावर ठरवू’ असं आराखड्यात असेल तर तो आराखडा चालत नाही. ट्रिगर पत्रकातल्या शब्दावर ठेवा, कॅप्टनच्या अंदाजावर नको, आणि थांबल्याबद्दल कंत्राटदाराचा दिवसाचा दर कापला जाणार नाही हे करारात लिहा. नाहीतर कामाचे चार दिवस वाचवायला बार्ज तिथेच राहतो.

तपासणीचा दिवस आणि नंतर

निरीक्षक उतरल्यावर पहिला तास सादरीकरणात घालवू नका. पीओबीची यादी, उघडी परमिटं आणि ओव्हरराइड रजिस्टर हातात द्या. प्रश्न उपकरण चालवणाऱ्या ऑपरेटरला विचारला तर इंजिनिअरने उत्तर देऊ नये. माहीत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणावं आणि त्याच दिवशी सांगावं.

शेऱ्यांचं उत्तर ‘पूर्तता झाली’ एवढंच लिहिलं की तोच शेरा पुढच्या ऑडिटला परत येतो. प्रत्येक शेऱ्यासमोर टॅग नंबर, आधीचा आणि नंतरचा फोटो, चाचणीचं वाचन, तारीख आणि ज्याने केलं त्याचं पद लिहा. सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर तो येईपर्यंत काय बंद ठेवलं आहे तेही लिहा. आडोशाची क्रेन दुरुस्तीत असेल, तर वाऱ्याच्या बाजूला जहाज घेणार नाही हे त्याच ओळीत.